‘ते औषध नाही, क्रीम आहे’ : नैरोबीतील एक प्रकरण

हे प्रकरण २०२२ सालचे, नैरोबीतले. मी किडनीच्या विकारांची डॉक्टर, मूळची मिरजेची. त्या वर्षी तिथल्या एका रुग्णालयात काम करत होते. रुग्ण बाईची परवानगी घेऊनच हे लिहिले आहे. तिची नोकरी, घर, नातेवाईक यांचे तपशील ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत. आजाराचा क्रम आणि आमच्या चुका मात्र घडल्या तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

ती एकतीस वर्षांची. माहेर पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराकडच्या एका गावात. शिकून नैरोबीत आलेली, एका मध्यम दर्जाच्या हॉटेलात स्वागतकक्षात नोकरी. नवरा दुसऱ्या शहरात, महिन्यातून एकदा येणारा. चार वर्षांची मुलगी तिच्याजवळ, एकाच खोलीत, एकाच पलंगावर झोपणारी. केनियात बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात, ‘मामा अमुक’. आपल्याकडे ‘बंड्याची आई’ म्हणतात तसेच. आमच्या सिस्टर तिला तशीच हाक मारत. इथे मी तिला नुसते ‘ती’ म्हणते.

कातडीच्या रंगाबद्दल केनियात जे बोलले जाते ते थोडे सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. उजळ रंगाच्या मुलीला तिथल्या बोलीत ‘रांगी या थाओ’ म्हणतात, म्हणजे हजार शिलिंगच्या नोटेच्या रंगाची. रंगाला थेट नोटेचीच किंमत लावली आहे. कातडी उजळ करण्याला स्वाहिलीत ‘कुजीचुबुआ’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ स्वतःला सोलणे. शेजारच्या टांझानियात घरगुती मिसळलेल्या क्रीमला ‘म्कोरोगो’ म्हणतात, म्हणजे ढवळलेले. पश्चिमेला सेनेगलात याच गोष्टीला ‘खेसाल’ म्हणतात. इतक्या भाषांत इतके शब्द तयार झाले, यावरूनच हा प्रकार किती घराघरांत आहे ते कळते.

आकडे सांगताना जपून सांगावे लागतात. ‘नायजेरियातल्या ७७ टक्के बायका ब्लीच करतात’ हे वाक्य जगभर फिरते. त्याचे मूळ लागोसच्या बाजारातल्या विक्रेत्यांच्या एका पाहणीत आहे. बाजारातली पाहणी अख्ख्या देशावर चिकटवली गेली. असा आकडा वाचला की आफ्रिकी बाई म्हणजे आपल्याच रंगाचा तिरस्कार करणारी, असे चित्र डोक्यात बसते आणि समोर बसलेली एकटी बाई दिसेनाशी होते. माझ्या बाबतीत तेच झाले.

आणखी एक गोष्ट. ब्रिटिश काळात केनियात माणसांची रीतसर उतरंड होती: वर युरोपियन, मध्ये आशियाई, खाली आफ्रिकी. शाळा, वस्त्या, पगार, दवाखाने, सगळे त्या क्रमाने. त्या मधल्या पायरीवर आपण भारतीय होतो. १९६३ साली देश स्वतंत्र झाला, पण मी नैरोबीत डॉक्टर म्हणून बसते तेव्हा समोरची व्यक्ती मला त्या पायरीसकट पाहते. हे भान मला उशिरा आले.

अडचण

ती आली तेव्हा तक्रार साधी होती. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी बूट पायात जात नाहीत, लघवीला साबणासारखा फेस. दोन महिन्यांत वजन नऊ किलो वाढलेले, आणि ते सगळे पाणी. रक्तदाब ठीक. लघवीतून दिवसाला सुमारे सहा ग्रॅम प्रोटीन जात होते. निरोगी माणसात ते ०.१५ ग्रॅमच्या आत असते. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रोटीन १.९ पर्यंत उतरलेले, जे साडेतीनच्या वर हवे. किडनीची गाळणी फाटल्यासारखी झाली होती. याला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात.

या वयाच्या बाईत अशी गळती दिसली की कारणांची एक यादी तपासायची असते. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस, ल्यूपस, मधुमेह. सगळे नकारार्थी. मग औषधांचा प्रश्न. मी विचारले, ‘कोणती औषधे घेता?’ नाही. ‘दुखण्याच्या गोळ्या?’ क्वचित. ‘जडीबुटी?’ नाही. तिने एकही गोष्ट खोटी सांगितली नाही. मी जे विचारले त्याचे तिने खरे उत्तर दिले.

चौथ्या दिवशी बायोप्सी केली. निदान आले मेम्ब्रेनस नेफ्रोपथी, म्हणजे गाळणीच्या पडद्यावर प्रतिपिंडांचे थर बसून तो जाड होणे. हा आजार बरेचदा स्वतःहून होतो आणि तेव्हा पीएलए२आर नावाची प्रतिपिंडे रक्तात बहुधा सापडतात. तिच्या रक्तात ती नव्हती. म्हणजे कारण बाहेरचे असण्याची शक्यता वाढली होती.

दुसऱ्या दिवशी राऊंडला मी तिचे हात हातात घेतले, सुई टोचलेली जागा पाहायला. चेहरा आणि हात तांब्याच्या रंगाचे, पण बोटांच्या पेरांवर, कोपरांवर आणि कानांच्या वरच्या कडेला गडद पट्टे. पेरांची कातडी जाड असते, तिथे क्रीमचा परिणाम कमी होतो. त्वचेच्या डॉक्टरांना हे ओळखीचे आहे. मला वाचून माहीत होते. आणि १९७२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला नैरोबीतलाच एक अभ्यासही आठवला: नेफ्रोटिक सिंड्रोमच्या ६० रुग्णांपैकी ३२ जण पारा असलेली उजळवणारी क्रीम वापरत होते. पन्नास वर्षांपूर्वी, याच शहरात.

मला उत्तर सापडल्याचा आनंद झाला. त्या आनंदाच्या भरात मी वॉर्डात, सहा शिकाऊ डॉक्टर आणि शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक ऐकत असताना, इंग्रजीत विचारले, ‘तुम्ही ब्लीच करता का?’

ती म्हणाली, ‘नाही.’ आणि हात पांघरुणाखाली घेतले.

दोन दिवसांनी तिने घरी जाण्याचा हट्ट धरला. सूज उतरवणाऱ्या गोळ्या घेऊन गेली आणि तपासणीच्या तारखेला आली नाही. तीन आठवडे आली नाही.

सिस्टरनी काय केले

ती परत आली ती श्वास लागत असताना, पाय गुडघ्यापर्यंत फुगलेले. या वेळी माझ्या आधी आमच्या वॉर्डातल्या सिस्टर तिच्याजवळ बसल्या. वयाने पन्नाशीच्या, स्वतः सरोवराकडच्याच. मुलगी सोबत होती. सिस्टरनी आधी मुलीची चौकशी केली. शाळेत जाते का, जेवते का, कातडी कोरडी दिसते, आंघोळीनंतर हिला काय लावतेस? ‘व्हॅसलिन.’ मग त्याच सुरात, ‘ना वेवे, उनापाका नीनी?’ आणि तू, तू काय लावतेस?

तिने सांगितले. सगळे, डबीच्या झाकणाच्या रंगासकट. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘दक्तारी, तुम्ही औषध विचारलेत. ते औषध नाही, क्रीम आहे.’

दुसऱ्या दिवशी तिच्या बहिणीने मक्याच्या पिठाच्या रिकाम्या पिशवीतून तीन वस्तू आणल्या. एक छोटी गोल डबी, परदेशी बनावटीची. घटकांच्या यादीत पाऱ्याचा उल्लेख नाही, पण खाली बारीक अक्षरांत सूचना: सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये. पारा आणि सोने यांचे नाते कोणत्याही सोनाराला विचारावे. अशी सूचना दिसली की जागतिक आरोग्य संघटनाही पाऱ्याचा संशय घ्यायला सांगते. दुसरी वस्तू क्लोबेटासॉलची नळी. कातडीवर लावायच्या स्टिरॉईडमधले हे सगळ्यांत तीव्र. डॉक्टरांनी थोड्या जागेवर दोन आठवडे लिहून द्यायचे असते. तिसरी वस्तू म्हणजे चिठ्ठी नसलेला प्लॅस्टिकचा मोठा डबा. वस्तीतली एक बाई बादलीत दोन्ही आणि आणखी काही मिसळून भरून देई. ते मिश्रण ती सुमारे तीन वर्षे रोज रात्री अंगभर लावत होती.

डबीतले क्रीम आम्ही तपासायला दिले. अनेक देशांत तेव्हा सौंदर्यप्रसाधनात पाऱ्याची मर्यादा दहा लाख भागांत एक भाग अशी होती. डबीत तो हजारोंच्या घरात निघाला. तिच्या लघवीचा नमुना जोहान्सबर्गला पाठवावा लागला आणि निकाल यायला जवळजवळ तीन आठवडे गेले: लिटरला ६८ मायक्रोग्रॅम. संपर्क नसलेल्या माणसात तो साधारण २० च्या आत असतो.

पारा कातडी उजळ का करतो? कातडीचा रंग मेलॅनिनमुळे येतो आणि मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला (एन्झाइमला) तांबे लागते. पारा त्या तांब्याची जागा घेतो, विकर बंद पडते. क्रीम खरोखर काम करते, हे आधी मान्य करायला हवे. ‘हे सगळे थोतांड आहे’ असे रुग्णाला सांगणे चुकीचे आहे. तिने आरशात फरक पाहिलेला असतो. तोच पारा कातडीतून रक्तात आणि तिथून किडनीत जाऊन साठतो.

तिचे म्हणणे

त्या संध्याकाळी मी खुर्ची ओढून बसले. या वेळी एकटी. का सुरू केले, असे विचारले नाही. कधी सुरू केले, असे विचारले.

बाळंतपणाच्या रजेवरून परत आली तेव्हा तिची जागा एका नव्या मुलीला दिली होती आणि तिला मागच्या खोलीत हिशेबाला बसवले होते. कोणी काही बोलले नाही. नवी मुलगी उजळ होती. चार महिन्यांनी, रंग बदलायला लागल्यावर, तिला परत पुढे बोलावले. व्यवस्थापक म्हणाला, ‘आता ताजीतवानी दिसतेस.’ तिने जोडायचा तो संबंध जोडला.

मी म्हटले, लुपिता न्योंगो तुमच्याकडचीच ना. २०१४ साली ऑस्कर मिळाले त्याच सुमारास तिने जाहीरपणे सांगितले होते की लहानपणी ती देवाकडे उजळ रंग मागत असे, आणि पुढे आपल्या रंगाकडे कशी पाहू लागली. मला वाटले, हे उदाहरण तिला धीर देईल. ती शांतपणे म्हणाली, ‘लुपिताचा आम्हाला अभिमान आहे, दक्तारी. पण ती हॉटेलात नोकरी मागायला येत नाही.’

आणि थोड्या वेळाने, ‘तुमच्या मालिका आम्ही रोज बघतो. त्यात सून काळी कधीच नसते.’

मला खरे बोलावे लागले. मी स्वतः सावळी. दहावीच्या सुट्टीत आईने रोज साय-हळद लावायला लावली होती; डाळीच्या पिठाने चोळता चोळता ती ‘जरा उजळ राहा’ म्हणे, आणि त्यात तिची माया होती, काळजी होती. ताईला पाहायला आलेल्या दोन स्थळांनी ‘मुलगी नाकीडोळी नीटस आहे, पण...’ असे कळवले होते. ते ‘पण’ आमच्या घरात कित्येक वर्षे राहिले. हे मी तिला सांगितले. डॉक्टरने स्वतःचे सांगावे की नाही यावर मतभेद असतील. मला ते त्या क्षणी आवश्यक वाटले आणि आजही वाटते, कारण त्यानंतर तिने पहिल्यांदा पुढच्या उपचाराबद्दल प्रश्न विचारले.

पर्याय आणि निर्णय

पहिला निर्णय: प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू करायची का? आमच्या बैठकीत दोन ज्येष्ठांचे मत होते की गळती मोठी आहे, थांबू नये. स्टिरॉईडच्या गोळ्या आणि सायक्लोफॉस्फामाईड द्यावे. सायक्लोफॉस्फामाईडने मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, संसर्गाचा धोका वाढतो. माझे म्हणणे, कारण सापडले आहे, ते काढू आणि सहा महिने वाट पाहू. १९७२ च्या त्या अभ्यासातही क्रीम थांबवल्यावर बरेच रुग्ण सुधारले होते. किडनीचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन अजून ठीक होते, म्हणून वाट पाहणे परवडणारे होते. क्रिएटिनिन चढू लागले तर निर्णय बदलायचा, असे लिहून ठेवले.

वाट पाहणे म्हणजे काही न करणे नव्हे. प्रोटीनची गळती कमी करणारी एनालाप्रिल, सूज उतरवायला फ्युरोसेमाईड, मीठ कमी. अल्ब्युमिन इतके उतरले की या आजारात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मोठा असतो, म्हणून रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन. वॉरफरिनसाठी दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. तिला त्यासाठी दोन मटाटू (तिथल्या छोट्या खासगी बस) बदलून यावे लागणार होते आणि अर्धा दिवस रजा काढावी लागणार होती. तेही हिशेबात धरून आम्ही तपासणीची वेळ सकाळी सातची ठेवली. एनालाप्रिल गरोदरपणात चालत नाही, म्हणून नवरा येणार त्या आठवड्यांचे बोलणेही सिस्टरनी करून घेतले.

दुसरा निर्णय: पारा बाहेर काढणारे औषध द्यायचे का? डीएमएसए आम्हाला मिळत नव्हते. पेनिसिलामिन मिळत होते, पण त्या औषधामुळे स्वतःच मेम्ब्रेनस नेफ्रोपथी होऊ शकते. आगीतून फुफाट्यात. शरीरातला असा पारा साधारण दोन महिन्यांत निम्म्यावर येतो. संपर्क तोडला तर वेळ आपल्या बाजूला होता. दिले नाही.

तिसरा निर्णय सगळ्यांत नाजूक होता आणि त्याची जाणीव मला त्वचेच्या डॉक्टरांनी करून दिली. मी म्हणणार होते, ‘आजपासून सगळे बंद.’ त्यांनी अडवले. तीन वर्षे अंगभर क्लोबेटासॉल म्हणजे तिच्या शरीराने स्वतःचे स्टिरॉईड बनवणे सोडून दिलेले असणार. सकाळचे कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे तेच स्टिरॉईड, तपासले, ते खूपच कमी आले. एकदम बंद केले असते तर रक्तदाब घसरून ती कोसळली असती. म्हणून पाऱ्याची डबी आणि मिश्रणाचा डबा त्याच दिवशी बंद, पण त्या जागी तोंडाने हायड्रोकॉर्टिसोन, शरीराला रोज लागते तितकेच, आणि ते काही महिन्यांत हळूहळू कमी करायचे.

चेहऱ्याचे मात्र काय होणार ते टाळता येण्यासारखे नव्हते. स्टिरॉईड सुटल्यावर कातडी लाल होते, जळजळते, पुटकुळ्या येतात, आणि मग आधीपेक्षाही गडद डाग दिसू लागतात. भारतातल्या त्वचातज्ज्ञांनी तर ‘स्टिरॉईडने बिघडलेला चेहरा’ असे या अवस्थेचे नावच रूढ केले आहे, इतके रुग्ण आपल्याकडे आहेत. आम्ही तिला सांगितले, ‘थोडा त्रास होईल.’ थोडा, हा शब्द मी वापरला. तो चुकीचा होता.

चौथा निर्णय घराचा. पारा फक्त लावणाऱ्याच्या अंगावर राहत नाही. टॉवेल, उशी, चादर यांना लागतो, त्याची वाफ खोलीत राहते. मुलीची लघवी तपासली. आईपेक्षा कमी, पण जास्तच. अभ्रे, टॉवेल, गोधडी टाकून द्यायला सांगितली. कचरा जाळण्याची तिथे पद्धत आहे, म्हणून जाळू नको, वाफ होईल, हे दोनदा सांगितले. डब्या झाकण लावून, पिशवीत बांधून आमच्याकडे आणून देण्यास सांगितले. नवीन पांघरुणांचे पैसे सिस्टरनी वर्गणी काढून दिले.

पाचवा निर्णय अजूनही माझ्या मनात पुरता मिटलेला नाही. बादलीत क्रीम ढवळणाऱ्या बाईची तक्रार करायची का? केनियात पारा, हायड्रोक्विनोन (कातडी उजळवणारे एक रसायन) आणि स्टिरॉईड असलेल्या प्रसाधनांवर बंदी आहे. कायदा आमच्या बाजूने होता. पण ती बाई रुग्णाची शेजारीण, अडीनडीला मुलीला सांभाळणारी. तक्रार कोणी केली हे वस्तीत एका दिवसात कळले असते. आम्ही बाजारातल्या परदेशी डबीचा नमुना मानक संस्थेकडे पाठवला आणि शेजारणीचे नाव दिले नाही. तिच्याकडून क्रीम घेणाऱ्या इतर बायकांचे काय, हा प्रश्न मी तेव्हा बाजूला ठेवला. रुग्णाने मात्र स्वतःच शेजारणीला आपले सुजलेले पाय दाखवले. शेजारणीने डबीतले क्रीम मिसळणे सोडले. क्लोबेटासॉल सोडले नाही.

मधली घसरण

पहिले दोन महिने छान गेले. गळती सहावरून चारवर. मग पुन्हा साडेपाच. तिने आपणहून सांगितले. सासरी एक मोठा समारंभ होता, जावा-नणंदा येणार होत्या, आणि चेहरा लाल-काळ्या डागांनी भरलेला. तिने पुन्हा तसलीच एक डबी विकत आणली आणि दहा दिवस लावली. ‘तुम्ही थोडा त्रास म्हणाला होतात,’ ती म्हणाली. ‘मला वाटले, माझेच काहीतरी बिघडले.’

तिने कच खाल्ली असे मी मानत नाही. मी तिला अर्धीच माहिती दिली होती. त्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरांनी तिला स्टिरॉईड सोडलेल्या दुसऱ्या रुग्णांचे, परवानगीने घेतलेले, महिन्यामहिन्याचे फोटो दाखवले: दुसरा महिना, पाचवा, नववा. ती दुसऱ्या महिन्याच्या फोटोकडे बराच वेळ पाहत राहिली. साधे मलम, जळजळ कमी करणारे औषध आणि उन्हासाठी क्रीम दिले. नोकरीसाठी काही पत्र हवे का, असेही विचारले. ‘चेहऱ्यावर उपचार सुरू आहेत’ असे पत्र व्यवस्थापकाकडे नेणे म्हणजे जे झाकायचे तेच उघड करणे, असे ती म्हणाली. पत्र दिले नाही.

परिणाम

नवव्या महिन्यात गळती अर्ध्या ग्रॅमच्या आत आली, अल्ब्युमिन ३.६. वॉरफरिन त्याआधीच बंद केले होते. हायड्रोकॉर्टिसोनही सुटले. लघवीतला पारा २० च्या खाली आला, मुलीचाही. सायक्लोफॉस्फामाईडची गरज पडली नाही.

रंग परत आला, पण सारखा नाही. गालांच्या हाडांवर निळसर-काळे डाग राहिले. मिश्रणात हायड्रोक्विनोनही असावे असा त्वचेच्या डॉक्टरांचा अंदाज. त्याने होणारा ऑक्रोनोसिस हा विकार १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बायकांत पहिल्यांदा वर्णिला गेला आणि तो सहसा जात नाही. तिथल्या डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी बरीच वर्षे झगडून १९९० मध्ये अशी क्रीमे बंद करवली. अशी बंदी घालणाऱ्या पहिल्या देशांत दक्षिण आफ्रिका आहे.

नोकरीत ती पुन्हा मागच्या खोलीत गेली. पगार तोच, पण पाहुण्यांकडून मिळणारी बक्षिसी गेली. बरे होण्याची ही किंमत तिने मोजली, आणि आमच्या कोणत्याही अहवालात तिचा रकाना नाही.

नंतरच्या वर्षांत आणखी काही गोष्टी कळल्या. केरळातील कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांपैकी १५ जणांत एनईएलएल-१ नावाचे प्रथिन सापडले आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे करणारी क्रीम वापरत होते. म्हणजे अशा आजाराला आता एक ओळखण्याची खूणही आहे; २०२२ मध्ये ती तपासणी आमच्या हाताशी असती तर आठवडे वाचले असते. आणि २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या किडन्या अशाच क्रीमने बिघडल्याची बातमी आली. मी ती बातमी नैरोबीत सिस्टरना वाचून दाखवली. त्यांनी एवढेच विचारले, ‘तिथे त्यांना कोणी विचारले?’ त्याच वर्षी पाऱ्याचा वापर रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाटा कराराच्या देशांनी दहा लाखांत एक भागाची ती मर्यादाही काढून टाकली; पारा घातलेली सगळीच प्रसाधने २०२५ पर्यंत बंद करायचे ठरले.

पुन्हा वेळ आली तर

वॉर्डात चारचौघांत विचारणार नाही. हे सगळ्यांत आधी. त्या एका प्रश्नाने तीन आठवडे गेले आणि तेवढ्यात तिच्या शरीरात आणखी पारा गेला. बायोप्सीला माझा पश्चात्ताप नाही, ती लागलीच असती. पण हात आणि कान मी पहिल्या दिवशी बघायला हवे होते.

‘ब्लीच करता का’ हा प्रश्न विचारणार नाही, कारण त्यात उत्तराआधीच निकाल आहे. स्टिरॉईड सोडल्यावर चेहऱ्याचे काय होते ते पहिल्याच दिवशी फोटोंसह दाखवीन, आणि घरातला पुढचा मोठा कार्यक्रम कधी आहे ते विचारीन. लग्न, बारसे, सासरची भेट, जी तारीख असेल तिच्या आधीच्या आठवड्यात तपासणी ठेवीन. मुलांची तपासणी आईच्या निकालाची वाट न पाहता करीन.

शेजारणीच्या बाबतीत मी आज काय करीन? बहुधा सिस्टरना घेऊन तिच्या दारात जाईन, तक्रार करायला नव्हे, बादलीत काय आहे ते तिच्याकडूनच समजून घ्यायला. तिचेही हात रोज त्या बादलीत असतात. तेव्हा हे सुचले नाही.

आमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या छापील अर्जावर ‘औषधे’ आणि ‘जडीबुटी’ असे दोन रकाने होते. सिस्टरनी त्यांच्या मध्ये तिसरा घालून घेतला, स्वाहिलीत. आंघोळीनंतर अंगाला काय लावता, आणि घरात आणखी कोण लावते? हा रकाना पुरुषांच्या अर्जावरही आहे. गेल्या तपासणीला ती आली तेव्हा तिने तो न वाचताच पिशवीतून लोशनची नवी बाटली काढली, टेबलावर उलटी करून ठेवली आणि घटकांच्या यादीवर बोट ठेवून म्हणाली, ‘वाचा, दक्तारी.’